सहलीची पेटी



शाळेची सहल निघाली की आपल्या वस्तीतल्या दोन-चार पोरांचं नेमकं पोट दुखतं. दुखणं पोटाचं नसतं, सहलीच्या पैशांचं असतं, हे आम्हाला उशिरा कळलं. म्हणून १४ एप्रिलच्या जयंतीला महिला मंडळाने भेळ-सरबताचा स्टॉल लावला, तरुणांनी घरोघरची रद्दी गोळा करून विकली. पैसे जमले. पण आमची एक चूक झाली. मदत घेणाऱ्या मुलांची नावं आम्ही माईकवरून वाचली, वर टाळ्याही वाजवल्या! त्यातली एक मुलगी सहलीला गेलीच नाही. तिच्या आईने एवढंच विचारलं, "भाऊ, नाव कशाला घेतलंत?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. मदत घेण्यात कमीपणा कसला?

आता नावं फक्त देणाऱ्यांची वाचतो, तीही त्यांना चालत असेल तर. मुलांचे पैसे परस्पर वर्गशिक्षकांकडे जातात. यंदा सहल अजिंठ्याला आहे. २६ व्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती पुस्तकात पाहणं वेगळं, आणि तिच्या पायाशी उभं राहणं वेगळं. पेटी दाराजवळ ठेवली आहे. जाताना जमेल ते टाका.

जयभीम! नमो बुद्धाय!