दरवाजा आणि त्याची बोटभर पिन

घराची कळा अंगण सांगतं, असं आपल्याकडे म्हणतात. गाडीची कळा सांगायचं काम तिचा दरवाजा करतो. नवा दरवाजा हाताच्या हलक्या रेट्यानं बसतो. 'खट्' असा एकच आवाज होतो आणि काम झालं. जुना झाला की त्याला आधी वर उचलावं लागतं, मग ढकलावं लागतं, आणि एवढं करूनही तो धड लागला की नाही याची खात्री नसते. पेण-रोह्याकडच्या टेम्पोत, जीपगाडीत किंवा शाळेच्या व्हॅनमध्ये बसणाऱ्यांना हे नवं नाही. 'जोरात आपटा हो, त्याशिवाय नाही लागायचा!' हे चालकाचं वाक्य आपल्या कानांच्या चांगलंच ओळखीचं आहे. या आपटण्याचं मूळ पुष्कळदा एका बोटभर लांबीच्या पोलादी पिनेत असतं. दरवाजाच्या बिजागरीतली ती पिन. आज तिच्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

जुन्या वाड्यांतून दरवाजे लाकडी खुंटीवर फिरत असत. खुंटी झिजली की दार खाली उंबऱ्याला घासू लागे आणि घरात सर्वांना ते ऐकू येई. मोटारीचंही तसंच आहे. वर एक आणि खाली एक अशा दोन बिजागऱ्या असतात. प्रत्येक बिजागरीची एक पाकळी गाडीच्या खांबाला आणि दुसरी दरवाजाला जोडलेली. दोन्ही पाकळ्यांच्या नळ्यांतून पिन ओवलेली असते आणि बहुतेक गाड्यांत पिनेभोवती पितळेची किंवा तशाच नरम धातूची बुश बसवलेली असते. झीज व्हायची ती या बुशची आणि पिनेची.

आता शिक्षक मित्रांसाठी थोडा हिशेब सांगतो. समजा, दरवाजाचं वजन २४ किलो आहे, त्याचा भार बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर पडतो आणि दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आहे. २४ गुणिले ५०, भागिले ४०, म्हणजे ३०. वरच्या बिजागरीला दरवाजा सुमारे ३० किलोच्या जोरानं बाहेर ओढत असतो आणि खालच्या बिजागरीला तेवढ्याच जोरानं आत रेटत असतो. हे वर्गात दाखवायचं असेल तर चित्रकलेचा मोठा फळा मुलाला एका उभ्या कडेनं, वर एक हात आणि खाली एक हात, असा धरायला सांगावा. वरच्या हाताला ओढ आणि खालच्या हाताला रेटा लागलीच जाणवतो. तरफेचा धडा पुस्तकातून हातात उतरतो, तो असा.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा. वरची बिजागरी फक्त १ मिलिमीटर ढिली झाली, तर कुलपाकडचं टोक, बिजागरीपासून एक मीटरवर, अडीच मिलिमीटर खाली येतं. खालचीही तेवढीच झिजली तर पाच मिलिमीटर! कुलपाला दोन टप्पे असतात, अर्धा आणि पुरा. दरवाजा खाली उतरला की कुलूप पुष्कळदा अर्ध्याच टप्प्यावर अडकतं. बाहेरून पाहणाऱ्याला दार लागलेलं दिसतं. पण वळणावर आतल्या मुलाचा भार त्याच्यावर पडला की ते उघडू शकतं. म्हणून ही गोष्ट केवळ आवाजाची किंवा सोयीची नाही, जिवाची आहे.

आपल्या भागात ही झीज लवकर होते, याला कारणं आहेत. पेण तालुक्याला खाडी आणि मिठागरं यांचा शेजार. वाऱ्यातच खार असतो. पावसाळ्यात जिल्ह्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात मुंबई-गोवा महामार्ग! पनवेल ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळातल्या खड्ड्यांनी किती गाड्यांची हाडं खिळखिळी केली, हे वडखळ-नागोठण्याचे चालकच सांगतील. भाद्रपदाआधी पेण, हमरापूर, जोहे इथून गणपतीच्या मूर्ती घेऊन टेम्पो निघतात. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांकडे कामगारांच्या गाड्यांची पाळीपाळीनं ये-जा चालते. दिवसाकाठी शेकडो वेळा दार उघडायचं आणि मिटायचं. वंगण नसेल तर बिचारी पिन तरी काय करणार?

दोष ओळखायला दहा सेकंद पुरतात. दरवाजा अर्धा उघडावा, कुलपाकडची कड दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवावी आणि दुसऱ्यानं बिजागरीकडे पाहावं. पिनेपाशी हालचाल दिसली तर पिन-बुश झिजली आहे. पाकळीच खांबावर सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत. ते आवळून भागेल. खांबाचा पत्राच हलत असेल किंवा चिरला असेल, तर मात्र ते वेल्डिंगचं काम. नवी पिन घालून उपयोग नाही.

पिन बदलायची तर गाडी सपाट जागी लावून हातब्रेक ओढावा. दरवाजात काचेची किंवा कुलपाची वायर असेल तर आधी बॅटरीची ऋण तार सोडावी, मग वायरची जोडणी. दरवाजा अडवून धरणारी पट्टी सुटी करावी. दरवाजाखाली जॅक ठेवून त्यावर लाकडी फळी आणि दुमडलेलं गोणपाट घालावं, आणि दरवाजाचा भार नेमका त्यावर येईल इतकाच जॅक चढवावा. एका माणसानं दार धरून उभं राहिलंच पाहिजे. एकट्यानं हे काम मुळीच करू नये.

गंजलेल्या पिनेला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल द्यावं. पिनेला डोकं आहे का, टोकाला अडकवण आहे का, एका बाजूला दातेरी भाग आहे का, हे नीट पाहावं. अडकवण काढून, डोक्याच्या किंवा दातेरी भागाच्या उलट टोकावर पंच ठेवून हातोड्यानं ठोकावं. डोळ्यांवर चष्मा हवाच. पोलादाची कपची उडते. नुसती पिन बदलायची असेल तर एक बिजागरी पुरी करून मगच दुसरीला हात लावावा. दार जागेवर राहतं. बुशही बदलायची असेल तर मात्र दोन्ही पिना काढून दरवाजा बाजूला उतरवणंच बरं. बिजागरी बोल्टची असली आणि ती सोडायची झाली, तर पाकळीच्या कडेनं खांबावर आधी रेघ मारून ठेवावी, म्हणजे परत बसवताना अंदाज करावा लागत नाही.

नवी पिन घेताना जुनीची जाडी न झिजलेल्या टोकाशी मोजावी. पुष्कळ ठिकाणी मोठा खिळा किंवा सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेतात. नरम लोखंड पुन्हा झिजतं, आणि सळई धड गोलही नसते. नळीचं भोक लांबट झालं असेल तर लेथवाल्याकडून ते गोल करून थोडी जाड पिन घालावी. मग ग्रीस लावून पिन बसवावी, दार हळू मिटून चहूबाजूंची फट सारखी आहे का पाहावं. कुलूप ज्या खुंटीत अडकतं, ती सरकवून झीज झाकण्याची युक्ती करू नये. आधी बिजागरी, मग खुंटी, हा क्रम.

गुरुजनांना एक विनंती. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत शाळेच्या परिवहन समितीची तरतूद आहे आणि मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात. समितीच्या बैठकीत भाड्याची आणि वेळेची चर्चा होतेच. तिच्या जोडीला प्रत्येक गाडीचा प्रत्येक दरवाजा वर उचलून पाहण्याची चाचणी महिन्यातून एकदा करावी. तिला खर्च नाही, हत्यार नाही. दोष दिसला की चालकावर न रागावता दुरुस्तीला दोन दिवसांची सवड द्यावी, आणि तोवर मुलांसाठी दुसरी गाडी पाहावी. सवड मिळाली नाही की माणूस सळई घालतो.

वंगणाचा नेम सोपा आहे. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याला गाडी धुऊन पुसून तिची पूजा करतो तेव्हा एकदा, प्रत्येक बिजागरीत तेलाचे चार थेंब. दरवाजाच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करावी. नाहीतर पाणी आत साठून पत्रा आतूनच खातं. झेंडूचा हार बोनेटला घालतोच आपण. तेलाचे चार थेंब पिनेलाही मिळाले, तर वर्षभर दार आपटायला सांगावं लागणार नाही.