लढाईच्या खर्चाने घर भरते का?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, राजवाडा परिसरातील आपल्या मंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, ती लोकांनी एकत्र बसून चार गोष्टींचा विचार करावा म्हणून. आरती, प्रसाद आणि मुलांचे कार्यक्रम यांच्या जोडीला व्याख्यान ठेवण्याची प्रथा आपल्या मंडळाने टिकवली, याबद्दल कार्यकर्त्यांचे अभिनंदन करतो आणि विषयाकडे वळतो.

अलीकडे चहाच्या वेळी एक वाक्य वारंवार कानावर येते. "लढाई झाली की कारखाने चालतात, बेकारांना काम मिळते, मंदी हटते." बोलणारा सहसा अमेरिकेचा दाखला देतो. मी काही अर्थशास्त्री नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला अभियंता आहे. पण आमच्याकडे एस्टिमेट मंजुरीला जाते तेव्हा तीन प्रश्न हमखास विचारले जातात. माणसे आणि सामान मोकळे आहे का? पैसा कोणाकडे जाणार? काम संपल्यावर जागेवर काय उरणार? हेच तीन प्रश्न आज लढाईच्या खर्चाला लावून पाहू.

आधी अमेरिकेचा दाखला पाहू, कारण तो खोटा नाही. १९२९ च्या महामंदीनंतर तेथे दहा वर्षे बेकारी हटली नव्हती. १९४० मध्येही शंभरातील चौदा-पंधरा कामगार रिकामे होते. १९४४ मध्ये हे प्रमाण सव्वा टक्क्यावर आले. कारखाने होते, यंत्रे होती, माणसे होती, पण गिऱ्हाईक नव्हते. सरकार गिऱ्हाईक झाले आणि चाक फिरले. केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले होते की, मागणी आटते तेव्हा सरकारने खर्च करावा. मात्र त्यासाठी तोफाच ओता, असे त्याने म्हटले नव्हते. शिवाय त्याच अमेरिकेत १९४२ च्या फेब्रुवारीपासून खासगी मोटारी बनवणे बंद झाले. साखर, पेट्रोल, टायर रेशनवर गेले. काम सर्वांना मिळाले, पण हाती आलेल्या पगारात घ्यायला वस्तू कमी होत्या. आणखी एक गोष्ट विसरू नये. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर लढाई झाली नाही. तिची शेते कोणी तुडवली नाहीत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. आपल्यातील बरीच मंडळी सातारा, सांगली, कोल्हापूरकडची आहेत. जुन्या काळी शेतकरी खरीप घरात आणायचा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायचा. पुढचे काही महिने शेतात फारसे काम नसायचे. म्हणजे रिकाम्या हाताला काम, आणि पैसा यायचा तो चौथाईच्या रूपाने परमुलखातून. आपल्या गावातील वाडा, देऊळ, घाट त्यातून उभे राहिले हे खरे. पण तो पैसा निर्माण झालेला नव्हता, कोणाच्या तरी घरातून उठून आलेला होता. इतके असूनही पहिल्या बाजीराव पेशव्यांसारखा अजिंक्य सेनापती कर्जाच्या काळजीत असे. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याच्या व्यथा आहेत. लढाया जिंकूनही तिजोरी भरत नव्हती.

इंग्रजी अमदानीत तेच हात पलटणीत गेले. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात शिपायाची मनीऑर्डर आली की चूल पेटायची, मुलांची फी भरली जायची. या सभेतही अशा घरांतील मंडळी बसली आहेत. त्यांना "सैन्यावरच्या खर्चाने काही होत नाही" असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. त्या पगाराने गावे जगवली. पण नीट पाहिले तर गावे जगवली ती पगाराने, लढाईने नव्हे. तोच पगार शांततेतही येत होता. लढाईने त्यात भर घातली ती गावागावांतील स्मृतिस्तंभांवरच्या नावांची.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या तंजावूरकडे येऊ. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. देशावरचा हिशेब येथे लागू पडत नाही. कावेरीच्या या खोऱ्यात कुरुवै निघते न निघते तोच सांबा उभी असते. दसऱ्याला देशावरचा शेतकरी मोकळा होतो, तेव्हा येथला गुडघाभर पाण्यात असतो. येथे रिकामे हात नाहीत, पडीक पाणी नाही. अशा मुलखात सैन्य शिरले की बाजार उठत नाही, पीक बुडते.

तुळजाजीराजांच्या काळात हे पुरते दिसले. अर्काटच्या नबाबाला तंजावूरचा पैसा हवा होता, पण लढायला सैन्य नव्हते. त्याने ईस्ट इंडिया कंपनीची फौज पैसे मोजून आणली. १७७१ मध्ये पहिला वेढा पडला आणि तुळजाजींना मोठी रक्कम कबूल करावी लागली. ती उभी करताना नागूरसारखे बंदर नागपट्टणच्या डचांना द्यावे लागले. १७७३ मध्ये पुन्हा स्वारी झाली, किल्ला पडला, राजे कैदेत गेले. १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने त्यांना पुन्हा गादीवर बसवले, आणि त्याच वर्षी पिगटला त्याच्याच कौन्सिलमधल्या मंडळींनी अटक केली. असे का झाले असेल? नबाबाने लढाईसाठी कंपनीच्याच नोकरांकडून जबर व्याजाने कर्जे काढली होती आणि त्यांच्यापोटी तंजावूरचा महसूल लिहून दिला होता. पॉल बेनफिल्ड नावाच्या सावकाराने तर येथल्या उभ्या पिकावर हक्क सांगितला. राजे परत आले की सावकार बुडणार होते!

आपला दुसरा प्रश्न येथे लावा. पैसा कोणाकडे गेला? खर्च प्रचंड झाला, उलाढालही झाली. पण शेतकऱ्याच्या घामाचा पैसा नबाबाकडे, नबाबाकडून मद्रासच्या सावकाराकडे आणि तेथून जहाजाने विलायतेला गेला. १७८५ मध्ये एडमंड बर्कने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये नबाबाच्या कर्जांवर जे गाजलेले भाषण केले, त्यात कर्नाटकातील तळी आणि जलाशय यांच्या दुर्दशेचे वर्णन आहे. लढाईचा खर्च असा दुहेरी मार देतो. तिजोरी तर रिकामी होतेच, पण कालव्याचा गाळ काढायलाही पैसा उरत नाही.

त्यावर कळस झाला १७८१ मध्ये. हैदरअलीची फौज या खोऱ्यात उतरली. राजधानीचा किल्ला सोडला तर जवळजवळ सगळा मुलूख तिच्या हाती गेला. बांध फोडले गेले, गुरे नेली, माणसे परागंदा झाली. जुन्या तमिळ मंडळींच्या बोलण्यात 'हैदर कलाबम' हा शब्द राहिला तो त्यामुळे. पुढे कित्येक वर्षे भाताचे उत्पन्न पूर्वपदावर आले नाही.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. तर दुसरे महायुद्ध घ्या. लढाई बाहेर होती, आपल्या गिरण्या आणि वर्कशॉप रात्रंदिवस चालत होते. ब्रिटनच्या वतीने येथे खरेदी होई. ब्रिटन त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा करी आणि त्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. १९३९ ते १९४५ या काळात नोटांचे चलन सुमारे सहा पट झाले. माल तेवढा वाढला नाही. घाऊक किमती अडीच पटींच्या आसपास गेल्या. १९४२ मध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्याला महागाई भत्ता होता. शेतमजुराला तो नव्हता.

रेल्वेतील मित्रांसाठी एक दाखला. त्या युद्धात कित्येक शाखामार्ग उखडून रूळ युद्धकामाला नेले. शोरनूर-निलंबूर मार्ग १९४१ मध्ये गेला, मदुरै-बोडिनायक्कनूर १९४२ मध्ये गेला. दोन्ही परत टाकले गेले ते १९५४ मध्ये. रूळ उखडणाऱ्या गँगला मजुरी मिळाली, वाहतूक करणाऱ्याला भाडे मिळाले, हिशेबाच्या वहीत हे सारे 'काम' म्हणूनच लागले असेल. पण बोडीच्या वेलदोडा व्यापाऱ्याची गाडी बारा वर्षे बंद राहिली.

आपल्या गलाई व्यवसायातील बंधूंना हे लवकर समजेल. खानापूर-आटपाडीकडून येऊन आपण दक्षिणेत गावोगावी सोने-चांदी गाळण्याचे काम करता. आणीबाणीचे दिवस आले, सोन्याचा भाव चढला, की लोक जुने दागिने मोडायला काढतात. भट्टी दिवसभर पेटलेली, मुशीला उसंत नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, काय जोरात धंदा आहे! पण तुम्हाला ठाऊक असते की मुशीत वितळते आहे ती कोणाच्या तरी आजीची पाटली. भट्टीची धग ही गावाची श्रीमंती नसते. लढाईच्या काळातील तेजीचे बहुतेक असेच असते. २०२२ नंतर रशियात हेच दिसले. शस्त्रांचे कारखाने पाळ्यांमागून पाळ्या चालले, २०२३ आणि २०२४ मध्ये उत्पन्नवाढीचे आकडे चांगले आले. पण कामाला माणसे मिळेनात, महागाई वाढली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला.

आता तिसरा प्रश्न, काय उरते? याचे उत्तर आपल्या आजूबाजूलाच आहे. महामंदीच्याच काळात १९३४ मध्ये मेट्टूर धरण पुरे झाले आणि कल्लणैपासून निघणारा नवा कालवा सुरू झाला. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै भागातील कोरडी जमीन भिजू लागली. एकूण सुमारे तीन लाख एकरांची भर पडली. त्या कामावरही मजूर राबले, सिमेंट खपले, बैलगाड्या चालल्या. फरक एवढाच की, काम संपले तरी पाणी येतच राहिले. नव्वद वर्षे झाली, अजून येते आहे.

सरफोजीराजांचेही तेच. १७९९ च्या तहाने कारभार आणि सैन्य कंपनीकडे गेले. राजांना किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. त्या पैशातून त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला, १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग केले, ओरत्तनाडूला यात्रेकरूंसाठी मुक्तांबाळ छत्रम बांधले. आपल्या राजवाड्यात शस्त्रागाराचा उंच बुरूज आहे आणि ग्रंथालयही आहे. बुरुजाचे फोटो निघतात. ग्रंथालयात मात्र आजही जगभरातील अभ्यासक येऊन काम करतात.

पण येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझे बोलणे अर्धवट राहील. सरफोजीराजांना सैन्याचा खर्च नव्हता, कारण त्यांना राज्यच उरले नव्हते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि उरलेसुरले सिंहासनही कंपनीने संपवले. ते थांबवायला एक शिपाई हाताशी नव्हता. म्हणून कोणी असे समजू नये की मी सैन्य नको म्हणतो आहे. घराला कुलूप हवेच, आणि चांगले हवे. मात्र कुलूप घेतल्याने घरात धान्य येते, असे कोणी सांगू लागला तर त्याला थांबवावे.

हे सांगण्याचे कारण आजचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये तिरुच्चिरापल्लीत तमिळनाडूच्या संरक्षण उद्योग पट्ट्याची सुरुवात झाली. तिरुच्चीला १९६६ पासून शस्त्रनिर्मितीचा कारखाना आहे. तंजावूरच्या हवाई तळावर २०२० मध्ये सुखोई विमानांचे पथक आले. आपली मुले आयटीआय, डिप्लोमा करून अशा ठिकाणी नोकऱ्या शोधणार, आणि त्यांनी जरूर शोधाव्यात. महाराष्ट्रातही खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा येथील कारखान्यांनी पिढ्यान्पिढ्या कुशल कारागीर घडवले. लेथवर हात बसलेला माणूस तोफेचा भाग बनवतो तसाच पंपाचाही बनवतो. ते कौशल्य मागे उरते, आणि तेवढ्यापुरता हा खर्च तिसऱ्या प्रश्नाला उतरतो. पण त्यासाठी लढाई व्हावी लागत नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे, १.८० लाख कोटी भांडवली खर्चाचे. त्याच वर्षी रेल्वेला भांडवली कामांसाठी अर्थसंकल्पातून २.५२ लाख कोटी मिळाले. दोन्ही खर्च देशाला लागतात. संरक्षणाचा खर्च किती करावा, हे सीमेवरचा धोका पाहून जाणत्यांनी ठरवावे. बेकारी किती आहे हे पाहून तो ठरवू नये. बेकारी हटवायची असेल तर कालवे आहेत, रूळ आहेत, शाळा-दवाखाने आहेत. त्या कामांनाही तेवढेच हात लागतात आणि ती पुढच्या वर्षीही उत्पन्न देतात.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी "एक लढाई झाली की मंदी हटेल" असे म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. हे तीन प्रश्न तेवढे विचारा. हात रिकामे आहेत का? पैसा कोणाकडे जाणार? मागे काय उरणार? आणि चौथा प्रश्न मनातल्या मनात विचारा. जाणार कोण? कारण त्याचे उत्तर या सभेतल्या काही घरांना फार आधीपासून माहीत आहे.

 बुद्धीची देवता आपणा सर्वांना सुबुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!