पणजी सकाळची बघा



सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या वसई-विरारकडून रात्रीच्या स्लीपर बसगाड्या भरभरून गोव्याला सुटतात. सुटू देत. गोव्याला जाऊ नका असं सांगायला मी आलेलो नाही. कॅसिनोत जाऊ नका असंही सांगणार नाही. ते सांगायला घरची माणसं आहेत, आणि त्यांचं तरी कोण ऐकतं? माझं मागणं एवढंच आहे, आणि ते मी आज दोन-तीनदा सांगणार, कारण रेडिओ ऐकता ऐकता माणूस मध्येच चहा गाळायला उठतो. पणजीला गेलात तर एक सकाळ पणजीसाठी राखून ठेवा. सकाळच, दुपार नाही. आणि पायी.

होतं काय, की गाडी सकाळी पोचते. खोलीवर सामान टाकलं की झोप. दुपारी समुद्र, संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर रांग. पॅकेज आधीच घेतलेलं असतं, त्यात जेवण आलं, पिणं आलं, वर थोडे चिप्स. लहान होडी माणसांना मोठ्या बोटीवर नेऊन सोडते. मग रुलेट, अंदर-बाहर, फ्लश, मध्येच नाचगाणं. पहाटे बाहेर पडतात तेव्हा डोळे तांबारलेले. बारापर्यंत लोळायचं, खोली सोडायची, संध्याकाळची बस. परत आलेल्याला विचारावं, "काय रे, पणजी कशी आहे?" तर म्हणतो, "एक नंबर!" बघितलंस काय? तर, बोट.

आमच्याकडे हळदीच्या रात्री मांडवामागे एक सतरंजी पडते, तुम्हीही बघितली असेल. ट्यूबलाइटखाली आठ-दहा जण पत्ते कुटत बसलेले. पुढे नवऱ्याला हळद लागते, बायकांची गाणी होतात, बॅन्ड वाजून जातो, पंगती बसतात आणि उठतात. या मंडळींना पत्ता नाही. मी 'हातातला पत्ता' म्हणत नाहीये, तो असतोच. त्यांचं ताटसुद्धा सतरंजीवर आणून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी विचारा, नवरी कुठल्या गावची? सांगता येत नाही. लग्नाला मात्र रात्रभर हजर होते हो! पणजीला जाऊन बोटीवर रात्र काढणारा आपला वसईकर म्हणजे हा सतरंजीवरचा पाहुणा. फरक इतकाच, की हा आहेर घसघशीत करून येतो.

आणि गंमत बघा, त्या मांडवात घरच्या माणसांना पत्त्यांना बसायची बंदी आहे. 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जुगार खेळायला मनाई आहे. सतरंजी पाहुण्यांसाठी. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि 1996 मध्ये बोटींसाठी कायद्यात दार उघडलं. आपल्या महाराष्ट्रातही 1976 चा एक कॅसिनो कायदा होता बरं का! तो कधी अमलात आलाच नाही, आणि 2023 मध्ये रद्द झाला. असो. कायद्याच्या गल्लीत शिरलो तर माझी मिनिटं तिथेच जातील.

तर सकाळ. सात-साडेसातला, आदल्या संध्याकाळी जिथून होडीत बसलात त्याच बाजूला या, आणि नदीकडे पाठ करून उभे राहा. बस्स, एवढंच करायचं. समोर उतरत्या कौलांची, लांबट, पांढरी इमारत दिसेल. रात्री तुम्ही तिच्यासमोरूनच गेलात, पण बोटींवरचे दिवे बघत. तो मुळात आदिलशहाचा वाडा. पुढे 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहायला आले, आणि गोवा मुक्त झाल्यावर 2000 सालापर्यंत गोव्याची विधानसभा तिथेच भरत होती. तीन राजवटींचा कारभार एका छपराखाली, आणि आपण तिथे उभं राहून होडीचं तिकीट शोधत होतो.

त्याच्या शेजारीच एक पुतळा आहे. झग्यातला एक पाद्री हात पसरून उभा आणि समोर एक बाई कलंडलेली. हा आबे फारिया. 1756 मध्ये कांदोळीला जन्मला, 1819 मध्ये पॅरिसला वारला. संमोहनात लोहचुंबकाची बिंबचुंबकाची काही करामत नसते, समोरच्या माणसाच्या मनाला दिलेली सूचनाच काम करते, असं सांगणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो एक. पुतळा 1945 चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला. बाईच्या मागे झुकलेल्या अंगाकडे नीट बघा, ती आता पडेल असं वाटतं. फारियाचे हात तिच्यापर्यंत पोचत नाहीत, मधली जागा मोकळी आहे. सगळा पुतळा त्या मोकळ्या जागेत आहे! माणसाला बसल्या जागी गुंगवायची विद्या या काठाला जुनीच म्हणायची.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. तिथून पायी दहा मिनिटांत पणजीचं चर्च येतं, आवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शनचं. पांढऱ्या, नागमोडी जिन्यांचं ते चर्च तुम्ही शंभर सिनेमांत बघितलंय. फोटोही काढला असेल, जिन्यावर उभं राहून, चर्चकडे पाठ करून. माझी विनंती आहे, फोटो राहू द्या. चौकात उभे राहा आणि मान वर करा. मधल्या कमानीत घंटा आहे. ती घंटा बघा.

ती कुठून आली ते सांगतो. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन साधूंचं मोठं चर्च होतं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने साधूंचे मठ बंद केले, साधू गेले, इमारत ओस पडली आणि 1842 मध्ये छत कोसळलं. घंटा काही वर्षं आग्वादला होती, दीपस्तंभाच्या कामी. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चवर चढली. वजन दोन टनांच्या वर. गोव्यात हिच्याहून मोठी एकच, जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलची.

तुम्ही म्हणाल, वसईच्या माणसाने पणजीची घंटा कशाला बघायची? अहो, वसईच्याच माणसाने बघायची! आपल्या किल्ल्यात जा. तिथेही ऑगस्टिनियनांचा मठ होता, फ्रान्सिस्कन होते, जेझुइट होते. मनोरे उभे आहेत, वरच्या कमानी रिकाम्या आहेत. कबुतरं येतात-जातात. लहानपणापासून बघून बघून आपल्याला वाटायला लागलंय की त्या कमानी हवा खेळण्यासाठीच बांधल्या. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि आपल्याकडच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकराला त्या मोहिमेतल्या घंटा दाखवतात. त्यांना तिथे मान आहे, माझी काही तक्रार नाही. पण रिकामी कमान आपल्याकडे, घंटा तिकडे. दोन्ही एका जागी बघायची सोय राहिली नाही. पणजीला ती आहे. भरलेली कमान कशी दिसते, एवढं धूड त्या उंचीवर कसं बसतं, हे बघायचं असेल तर जेट्टीपासून दहा मिनिटं चाला. दिल्लीहून आलेल्याला तिथे चर्च दिसेल. तुम्हाला स्वतःचा किल्ला दिसेल, पूर्ण झालेला.

1534 ते 1739, दोनशे पाच वर्षं वसईचा कारभार गोव्याच्या हुकमाने चालला. उत्तर प्रांताचं ठाणं वसई, मुख्य गादी गोवा. आपण तिथे निव्वळ पर्यटक नाही हो. हळदीच्या घरी आपण भाऊबंद लागतो, आणि भाऊबंदच सतरंजीवर बसले तर मांडवात कोण उभं राहणार?

घंटा बघून झाली की पलीकडे फोंताइन्यास. त्याबद्दल फार सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पिवळी, निळी, तांबडी घरं, अरुंद गल्ल्या. तिथे सेंट सेबास्टियनचं छोटं चॅपल आहे. आतल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. पूर्वी हा क्रूस जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. ज्याला चौकशीसाठी उभं करत त्याच्याकडे ते डोळे बघत असणार. चॅपल उघडं मिळालं तर आत जा, गप्प उभे राहा.

आणि एक ताकीद. त्या गल्ल्यांत माणसं राहतात. दुसऱ्याच्या पायरीवर चढून, खिडकीच्या गजाला टेकून फोटो काढू नका. रविवारी आपल्या किल्ल्यात लग्नाआधीच्या फोटोंवाले छत्र्या, धुराच्या नळकांड्या आणि झगे घेऊन येतात तेव्हा आपण किती चिडतो? मग तिथे जाऊन तेच करायचं? आठ वाजता पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो, भोंगा वाजवतो, घरातून बाया पिशव्या घेऊन बाहेर येतात. त्या वाटेत तुम्ही पोज घेऊन उभे असता, तो बिचारा सायकल कुठून काढणार? त्यापेक्षा बाजाराकडे जा, साध्या हॉटेलात बसून पातळ भाजी-पाव मागवा, बरोबर एक मिरची. पुन्हा सांगतो, हे सगळं दहाच्या आत. दहानंतर ऊन चढतं, टूरच्या गाड्या येतात, आणि मग तुम्ही म्हणाल की त्या रेडिओवरच्या मास्तरांनी उगाच चालवलं.

काचेपलीकडून बोटं दाखवताहेत, दोन मिनिटं उरली. जुन्या गोव्याचं सांगायचं तर तसंच राहिलं. घाईत सांगतो. ऑगस्ट 2024 पासून बांद्रा-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा वसई रोडला थांबून जाते. बसऐवजी तिने जा. परतीच्या दिवशी मात्र करमळी स्टेशन लक्षात ठेवा. जुनं गोवं तिथून हाकेच्या अंतरावर. बॉम जेझू बघालच, तिथे सगळे जातात. तिथून समोरच्या टेकाडावर चढा. ऑगस्टिनियन चर्चचा अर्धा मनोरा उभा आहे, सेहेचाळीस मीटर उंच, ती पणजीची घंटा इथली. त्याच अवशेषांत जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. डीएनए तपासून खात्री झाली आणि 2021 मध्ये आपल्या सरकारने ते जॉर्जियाला दिले. ती राणी इथे कशी पोचली ही फार मोठी गोष्ट आहे, इराणपासून सुरू होते, ती आता...

बरं, राहू दे. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमिनीकडे बघत चाला, पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर ढाली आणि शिरस्त्राणं कोरलेली. आपल्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये अशाच शिळा आहेत, तिथे मात्र डोक्यावर आभाळ आहे. दोन्हीकडची नक्षी ताडून बघा. आणि दिवाडी बेटाची फेरीबोट, ती जुन्या गोव्याच्या धक्क्यावरूनच सुटते, व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलात की... नाही, वेळ झाली म्हणताहेत.

सकाळी, पायी.