पगारातला वाटा

(रविवारच्या अभ्यासवर्गात बोललो ते मागाहून लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मी काही भाषणं ठोकणारा माणूस नाही. गोदीत माल चढवतो-उतरवतो, पाळी सुटली की कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. उच्च शिक्षणाच्या पैशावर ह्यानं काय बोलावं, असं एखादा प्रोफेसर म्हणेल. म्हणू दे. अकरावीची जी फी माझ्या बापाला भरता आली नाही तिचा आकडा मला अजून तोंडपाठ आहे.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीनं घरी एक कागद आणला. ती बी.एस्सी. झालीय. कॉम्प्युटरचं पुढचं शिक्षण देणारी एक कंपनी आहे, नाव सांगत नाही, सगळ्यांचे कागद साधारण सारखेच असतात. कागदात लिहिलंय : आज एक रुपया देऊ नका. शिका. नोकरी लागली आणि पगार ठरल्या आकड्याच्या वर गेला, की तीन वर्षं दर महिन्याच्या पगारातले शेकडा पंधरा आम्हाला. नोकरी नाही, तर पैसे नाहीत.

बहीण म्हणाली, "दादा, बँकेपेक्षा हे बरं नाही का?"

खोटं कशाला बोलू, मला उत्तर सुचलं नाही. बँक बापाची सही मागते. शिक्षण संपून थोडे महिने गेले की हप्ता सुरू, मग तुम्ही नोकरीत असा नाहीतर नाक्यावर उभे असा. ह्या कागदात निदान नोकरी नसेल तर सुटका आहे. ही गोष्ट मान्य करूनच पुढं बोलायला पाहिजे.

माझा आजा कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो एकच शब्द बोलला. "टोळीवाला."

इथल्या पोरांना टोळीवाला माहीत नसेल. आज्याच्या बापाच्या काळात मुंबईच्या गोदीत मजुराला थेट काम मिळत नसे. टोळीवाला माणसं जमवायचा, तोच उभी करायचा, मजुरी त्याच्या हातातून यायची आणि येताना त्याचा वाटा कापला जायचा. काम नाही त्या दिवशी तो काही मागत नसे, हेही खरं. पण काम कुणाला द्यायचं हे तोच ठरवायचा. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. नोंदणी, पाळीपाळीनं काम, हजेरी, ह्या गोष्टी त्यातून आल्या. त्यासाठी माणसं भांडली होती. मी स्वतः आज कंत्राटदाराच्या हाताखाली आहे. तो विषय वेगळा, त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.

तर ह्या कागदाचं मूळ शोधायला लागलो. अमेरिकेतला अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन, बाजाराचा मोठा पुजारी. त्यानं १९५५ साली एका निबंधात लिहिलं की कंपनीचे शेअर घेतात तसा शिकणाऱ्या माणसाच्या पुढच्या कमाईत हिस्सा घ्यावा आणि त्यावर शिक्षणाला पैसा द्यावा. मजा अशी की असा करार अंशतः गुलामीच्या बरोबरीचा ठरतो हे त्याला दिसलं होतं, आणि त्यानं ते लिहूनही ठेवलं. पुजाऱ्याला देवाचा दगड माहीत असतो.

मग १९७१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं हे करून बघितलं. हे नीट ऐका. दर हजार डॉलर कर्जामागं वर्षाच्या कमाईतला शेकडा ०.४ भाग द्यायचा. किती वर्षं? पस्तीस. किंवा त्या साली कर्ज घेतलेल्या सगळ्या गटाचं कर्ज फिटेपर्यंत. म्हणजे सगळे एकमेकांना जामीन. ऐकायला बरं वाटतं, भिशी वाटते. पण ज्यांच्या हातात लवकर पैसा आला त्यांना दीडपट भरून बाहेर पडायची वाट ठेवली होती. मोठे वकील, मोठे डॉक्टर पैसे टाकून सुटले. काहींनी भरलंच नाही. मागं राहिले ते मधले लोक, मास्तरकी करणारे, समाजकामात गेलेले. ते इमानदारीनं वर्षानुवर्षं भरत राहिले आणि दुसऱ्यांची बाकी ह्यांच्या अंगावर पडत राहिली. १९७८ नंतर नवीन माणूस घेणं बंद झालं. जुन्यांची सुटका व्हायला २००१ साल उजाडलं. ह्या योजनेत बिल क्लिंटनही होता, जो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याचं काही अडलं नाही.

येलनं निदान सगळ्यांना एक दर लावला. २०१६ साली पर्ड्यू विद्यापीठानं तेही सोडलं. तिथं काय शिकता त्यावर वाटा ठरायचा. इंजिनिअरला कमी टक्के, कमी महिने. साहित्य शिकणाऱ्याला जास्त टक्के, जास्त महिने. २०२२ साली नवे करार थांबले. पण हिशेबाची रीत बघा. ज्याची कमाई कमी होणार, त्याच्याकडून मोठा वाटा. उद्या ह्याच हिशेबात आडनाव येईल. वस्ती येईल. पोरगी असेल तर बाळंतपणात किती महिने जातील ते येईल. कागदावर 'जात' हा शब्द लिहायची गरज पडणार नाही. आकडाच जात सांगेल.

ऑस्ट्रेलियात १९८९ पासून दुसरा प्रकार आहे. तिथं कंपनी नाही, सरकार. फी नंतर द्यायची, कमाई एका रेषेच्या वर गेली की, आणि वसुली करखात्याकडून. व्याज नाही, फक्त महागाईप्रमाणं बाकी वाढते. आपलं देणं फिटलं की संपलं, दुसऱ्याचं अंगावर येत नाही. टोळीवाल्यापेक्षा हे लाख पटीनं माणसाचं आहे. पण त्याच देशात १९७४ पासून १९८० च्या दशकापर्यंत विद्यापीठाची फीच माफ होती, हे विसरू नका. सुरुवातीला वर्षाला १८०० डॉलर, सगळ्यांना सारखे. हळूहळू वाढले. २०२१ पासून तर साहित्य, इतिहास शिकणाऱ्यांची फी दुपटीच्या वर नेली. (ही कवीवरची खुन्नस जगभर सारखी दिसते.) शेवटी बाकी इतकी तुंबली की २०२५ साली सरकारला सगळ्यांच्या कर्जातले शेकडा वीस कापून टाकावे लागले.

आता आपल्या घरातलं बोलू. पुढच्या कष्टावर आजचं शिक्षण, हा करार आपल्याकडं फ्रीडमनच्या कितीतरी आधी झालाय. ४ जून १९१३. बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी, आणि बाबासाहेबांनी लिहून दिलं की परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करीन. महाराजांच्या मनाबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्या पैशावर बाबासाहेब कोलंबियाला गेले. करार सरळ होता.

१९१७ साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले. तेव्हा काय झालं ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी ह्या कागदाच्या बाजूला ठेवून पुन्हा आठवा. राहायला जागा नाही. पारश्याच्या सराईत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि बाहेर काढलं. सार्वजनिक बागेत तासन्‌तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. माणूस वाटा द्यायला तयार होता, उभा होता. शहरानं त्याला कमवूच दिलं नाही.

ही अट कुठल्याच कागदात नसते. कागद धरून चालतो की शिकलं की कमाई आपोआप. आपल्याकडं शिक्षण आणि पगार यांच्यामध्ये एक दार आहे आणि त्या दारावर कोण बसलाय ते कागद विचारत नाही. पैसे लावणारा मात्र विचारतो, गुपचूप, आधीच.

मग करायचं काय? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. ती परतफेडीची गोष्ट नव्हती, आपलं देणं होतं. ती वेळेवर, पुरी मिळाली पाहिजे, ही पहिली मागणी. दुसरी माझ्या डोक्यातली आहे, पटली तर घ्या. १९६९ च्या कायद्यानं माथाडी कामगाराचा मालक मजुरीच्या वर लेव्ही भरतो. त्यातून फंड, सुट्टी, औषधपाणी. शिकलेला माणूस तयार हातात मिळतो त्या कंपन्यांनी अशीच लेव्ही का भरू नये? शिकवण्याचा खर्च पोरीच्या पगारातूनच का?

(इथं मागून एकानं विचारलं, "कंपनी लेव्ही भरेल आणि तेवढाच पगार कमी देईल, मग?" बरोबर आहे. माथाडीतही पळवाटा काढणारे मालक आहेत. युनियन नसेल तर लेव्हीचाही टोळीवाला होतो. याचं पुरं उत्तर माझ्याकडं नाही.)

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. येल सांगितलं, बडोदा सांगितलं. ती शांतपणं ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, सगळं खरं. पण तुझ्याकडं दुसरा कागद आहे का?"

कागद घरी फळीवर आहे. सोमवारपर्यंत मुदत. तिनं सही केलेली नाही, फाडलेलाही नाही. शेकडा पंधरा ठीक, पण पगारात नेमकं काय धरणार, नोकरी सुटली तर महिने पुढं ढकलणार का, सगळं मिळून जास्तीत जास्त किती घेणार, हे तीन प्रश्न तिनं कंपनीला लिहून पाठवलेत. उत्तर आलेलं नाही. इथं कुणी वकिली शिकत असेल तर मला नंतर भेटा, दहापर्यंत मी इथं आहे. मग रात्रपाळी.