ओम्बुड्समन : कुणाचा मुखत्यार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



'ओम्बुड्समन' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. बँकांच्या व विमा कंपन्यांच्या कागदांवर तो आढळतो आणि तक्रारी ऐकणारा अधिकारी एवढाच अर्थ त्यातून घेतला जातो. मूळ अर्थ मात्र निराळा आहे, आणि त्या निराळेपणात लोकशाहीचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे.

शब्द स्वीडिश आहे. 'ओम्बुड' म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या अधिकाराने त्याच्या वतीने काम पाहणारा. आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत मुखत्यार. स्वीडनमध्ये कामगार संघटनेच्या पगारी कार्यकर्त्यालाही ओम्बुड्समन म्हणतात. मुखत्याराला स्वतःची सत्ता नसते. मुखत्यारपत्र देणाऱ्याची सत्ता तो वापरतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच की, मुखत्यारपत्र कुणाचे?

१७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून पराभूत झालेला स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स तुर्की मुलुखात आश्रयाला होता. राजाच्या पाठीमागे अधिकारी कायदा पाळतात की नाही हे पाहण्यासाठी १७१३ मध्ये त्याने एक श्रेष्ठ ओम्बुड्समन नेमला. हा राजाचा मुखत्यार होता. १८०९ साली राजा गुस्ताव्ह चौथा आडोल्फ पदच्युत झाला आणि नव्या राज्यघटनेने संसदेला आपला स्वतंत्र ओम्बुड्समन निवडण्याचा अधिकार दिला. १८१० मध्ये मानरहाइम यांची त्या पदावर निवड झाली. अधिकाऱ्यांवर व न्यायाधीशांवरही खटला भरण्याचा अधिकार या पदाला होता. काम तेच राहिले, मालक बदलला. अर्थात ती संसद सरदार, धर्मगुरू, नागर व्यापारी आणि शेतकरी अशा चार वर्गांची होती. भूमिहीन मजुराला तीत स्थान नव्हते. १९२१ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथम मतदान केले, आणि संसदेचा मुखत्यार जनतेचा मुखत्यार म्हणण्याजोगा झाला तो त्यानंतरच.

फिनलंड, डेन्मार्क, न्यूझीलंड असा प्रवास करीत ही कल्पना भारतात आली. १९६३ साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी तिला 'लोकपाल' हे नाव दिले. नाव भारदस्त आहे, पण त्यात नाते उलटे झाले. पुराणांतले लोकपाल दिशांचे रक्षक. पालन करणारा वर आणि पाळली जाणारी प्रजा खाली. मुखत्याराला त्याचा मालक जाब विचारू शकतो. पालकाला प्रजा काय विचारणार?

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासन सुधारणा आयोगाने १९६६ साली लोकपाल सुचविला तो मुख्यतः नागरिकांच्या गाऱ्हाण्यांसाठी. १९६८ चे विधेयक लोकसभेने १९६९ मध्ये संमत केले, पण लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. कायदा झाला २०१३ साली, आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. या कायद्यात उरला तो केवळ भ्रष्टाचार. लाच न मागता नुसताच अर्ज दाबून ठेवणारा अधिकारी त्याच्या कक्षेत येत नाही. उलट, खोटी तक्रार करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ही तरतूद त्यात आहे. ज्याच्या वतीने हे पद असावयाचे, त्यालाच ते धाक घालते!

महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला व १९७२ मध्ये तो अमलात आणला. त्यात गाऱ्हाणे आणि आरोप या दोहोंना स्थान मिळाले, हे त्याचे श्रेय होय. तथापि लोकायुक्ताच्या हाती शिफारसच राहिली. शिफारस मानली न गेल्यास त्याने राज्यपालांना विशेष अहवाल द्यावा आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जावा, एवढाच मार्ग कायद्याने ठेवला.

तो मार्ग अरुंद असला तरी निरुपयोगी नाही. स्वीडनच्या ओम्बुड्समनचे बळही संसदेपुढील वार्षिक अहवालात आणि त्यावरील उघड चर्चेत राहिले आहे. म्हणून निराधार वृद्धेचे अडलेले अनुदान असो वा मजुराची थकलेली मजुरी, कार्यकर्त्यांनी तक्रार लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि अहवाल सभागृहात आल्यावर त्यावर चर्चा घडविण्यासाठी आपल्या आमदाराच्या मागे लागावे. मुखत्यारपत्र आपले आहे, हे मालकाने वारंवार सांगितल्याखेरीज मुखत्याराच्या ध्यानात राहत नाही.