खणांत न मावणारी अक्षरे



वैशाखातील चंद्रपुरात, दिवसभर उन्हाने तापलेल्या भिंतींच्या या सभागृहात, सायंकाळची गार वाऱ्याची झुळूक सोडून येऊन बसलेल्या मंडळींपुढे संगणकाच्या काळ्या पडद्यावरील अक्षरांचा विषय मांडणे हे काहीसे धाडसाचे काम आहे; परंतु व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड वक्त्यावर सोपविली असल्यामुळे त्या धाडसाचा दोष माझ्याच माथी येतो, आणि तो मी आनंदाने पत्करतो. माझे प्रतिपाद्य मोजके आहे. ज्या साधनाला आपले अक्षर रेखाटता येत नाही ते साधन अपुरे खरे, पण जे ते अक्षर आपल्या नकळत बदलून टाकते ते घातक. आणि या दोहोंतील भेद उघड्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर ज्याला टर्मिनल म्हणतात त्या ओबडधोबड पडद्याइतकी प्रामाणिक जागा दुसरी नाही.

आता हा पडदा आजच्या काळात कोण वापरतो, अशी शंका कोणी घेईल. चित्रे, खिडक्या, बटने यांपैकी काहीही नसलेला, केवळ अक्षरांच्या ओळी दाखवणारा हा पडदा, दूरच्या संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाच्या नित्य उपयोगात आहे. कारण चित्रांच्या मानाने अक्षरांना तारेतून किंवा लहरीतून जावयास अत्यल्प वाट लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, आणि असल्या मुलखात जेथे मोबाइलची एखादी क्षीण रेषा कशीबशी धरून ठेवावी लागते, तेथे सचित्र पडदा उघडण्याची वाट पाहणाऱ्याची रात्र सरते, पण टर्मिनलातील मजकूर मात्र उमटतो. जुन्या, दुबळ्या संगणकांचीही तीच कथा. म्हणून हे साधन वनप्रदेशाला परके नाही.

या पडद्याची घडण मात्र परक्या लिपीच्या मापाने झालेली आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये जे व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल बाजारात आणले आणि ज्याचे नियम आजचे बहुतेक टर्मिनल-कार्यक्रम इमानाने पाळतात, त्याच्या पडद्यावर चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी खण असत. ही ऐंशीची संख्या तरी त्याने छिद्रे पाडलेल्या जुन्या संगणकी कार्डांकडून वारसाहक्काने घेतलेली होती. एका खणात एक अक्षर, सर्व खण सारख्या रुंदीचे, आणि डावीकडून उजवीकडे एकामागून एक: रोमन लिपीला ही जमाबंदी बिनतक्रार मानवली. आपल्या लिपीत काना शेजारी उभा राहतो, उकार खाली लोंबतो, मात्रा माथ्यावर बसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात मागाहून येऊन लेखनात आधी उभी राहते. अशा लिपीला सारख्या खणांत कोंबणे म्हणजे तंटा ओढवून घेणे.

तो तंटा कसा होतो हे एका नावावरून पाहू. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या संगमाजवळचे आपले सिरोंचा घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या दप्तरी मात्र त्यांची सात चिन्हे नोंदलेली आहेत: स, वेलांटी, र, ओकार, अनुस्वार, च आणि काना. विम या मजकूर लिहिण्याच्या कार्यक्रमाच्या, म्हणजे एडिटरच्या, हिशेबी काना, वेलांटी, मात्रा ही सारी आश्रित चिन्हे असल्यामुळे त्यांना स्वतंत्र जागा नाही, म्हणून नाव तीन खणांचे. परंतु अनेक टर्मिनल ज्या कोष्टकावरून रुंदी मोजतात त्या संगणकतज्ज्ञ मार्कस कून यांच्या कोष्टकाच्या परंपरेत अनुस्वाराला शून्य रुंदी असली, तरी काना, वेलांटी आणि ओकार यांना प्रत्येकी एक खण मिळतो, म्हणून तेच नाव सहा खणांचे. एकच बांध दोन पटवाऱ्यांनी दोन वेगळ्या लांबीच्या साखळ्यांनी मोजावा आणि दोघांनीही आपापल्या वहीवर सही ठोकावी, तसे हे होते. एडिटरला वाटते की कर्सर र वर उभा आहे. पडद्यावर तो भलतीकडेच लुकलुकत असतो. आणि लिहिणारा एक अक्षर पुसावयास जाऊन दुसरेच पुसून बसतो. सिरोंच्याचे लोक नदीपलीकडील तेलुगू लिपीशीही परिचित असतात. त्या लिपीतही अशी खणाबाहेर पसरणारी चिन्हे असल्यामुळे त्यांना तेथेही या तंट्यातून सुटका नाही.

विमच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष आदरणीय वाटते. हा एडिटर नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, २०२३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनीच तो सांभाळला, आणि तो नुसता उघडला तरी पहिल्याच पडद्यावर पुष्कळदा युगांडातील गरीब मुलांना मदत करा अशी विनंती दिसते. व्यापाराच्या या युगात असला विक्षिप्तपणा दुर्मिळच म्हणावयाचा. पण मला म्हणावयाचे होते ते निराळे. एका अक्षरावर किती आश्रित चिन्हे दाखवावयाची याची विमने एक मर्यादा ठेवली आहे, आणि मुळात ती दोन आहे. मात्र त्याच्या मार्गदर्शिकेतच असे स्पष्ट नमूद केले आहे की त्याहून अधिक चिन्हे मजकुरात असली तरी ती तशीच राहतात, केवळ दिसत नाहीत. तसेच एखादी फाइल जुन्या संकेतात जतन करू गेल्यास आणि त्या संकेतात आपले अक्षर नसल्यास विम रूपांतर फसल्याचे सांगून थांबतो. निमूटपणे प्रश्नचिन्हे लिहून मोकळा होत नाही. दाखवण्यात उणा असूनही राखण्यात चोख, असा हा कारभार आहे.

आता आपल्या जिल्ह्यांतील एक अस्सल शब्द घेऊ. उन्हाळा लागला की गावोगावी तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांच्या याद्या होतात. या ‘तोडणाऱ्या’ शब्दात मराठीचा जो खास अर्धा र आहे, जो हिंदीला ठाऊक नाही आणि जो छापखान्यातील जुळाऱ्यांनी एके काळी स्वतंत्र खिळ्याने बसवला, तो युनिकोडात दोन वाटांनी लिहिता येते. एका वाटेने नुक्ता असलेला र घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या वाटेने साधा र घेऊन, त्याचा पाय मोडून, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. छापील पानावर दोन्हींत तिळमात्र फरक नाही. या व्याख्यानाचा मुद्रित पाठ आपल्या हाती पडेल तेव्हा कंपोझिटरने कोणती वाट धरली हे आपणास भिंगातूनही कळणार नाही. पण तीच यादी टर्मिनलात विमने उघडा. पहिल्या वाटेचा शब्द नुक्त्याच्या टिंबासह आणि उघड्या हलन्तासह दिसेल. दुसऱ्या वाटेच्या शब्दात, विमच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आवृत्त्यांत, र आणि या यांच्या मध्ये कोनाकृती कंसांत त्या अदृश्य जोडचिन्हाचा २००डी हा आकडा छातीठोकपणे उभा असेल. दृश्य कुरूप आहे यात वाद नाही. परंतु एका कारकुनाने एका वाटेने आणि दुसऱ्याने दुसऱ्या वाटेने लिहिलेल्या याद्या एकत्र करून त्यांत शब्द शोधू गेल्यावर निम्मी नोंदच का सापडत नाही, याचे उत्तर तो कुरूप आकडाच देतो. सुंदर पडद्याला ते देता येत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या हातून वाढलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने देशभर पोचवलेले जिस्ट हे तंत्र नेमके याच अडचणीतून जन्मले. संगणकात एक कार्ड बसवावयाचे. वर्डस्टार किंवा डीबेससारखा कार्यक्रम आपल्या समजुतीने रोमन अक्षरांच्या पडद्यावर मजकूर धाडी आणि हे कार्ड तो मध्येच अडवून देवनागरीत रेखाटी. कार्यक्रमाला त्याची खबरही नसे. त्यामागील इस्की हा संकेत भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाण ठरविला, आणि युनिकोडने देवनागरीचा आपला तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच आखला. कार्डे इतिहासजमा झाली. अक्षरांचा क्रम उरला.

दुर्दैवाने मधल्या काळात एक आडवाट रूढ झाली. कृतिदेव आणि तत्सम फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीची चित्रे बसविली. पडद्यावर मराठी, कागदावर मराठी, आणि फाइलीच्या पोटात मात्र मराठीचा मागमूस नाही. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवात टंकलेली फाइल टर्मिनलात उघडली की ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरे समोर येतात, आणि संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलीत दुसरे काही कधी नव्हतेच. खऱ्या युनिकोड मजकुराची पडद्यावर होणारी दुर्दशा निराळी असते: एडिटरला संकेत चुकीचा सांगितला तर माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चलनाचे किंवा येनचे चिन्ह, अशी रांग पुन:पुन्हा दिसते, पण संकेत सुधारून फाइल पुन्हा उघडताच अक्षर न अक्षर परत येते. कृतिदेवाच्या फाइलीला असा पश्चात्ताप उपलब्ध नाही. ती वाचावयाची तर तो विशिष्ट फॉन्ट, किंवा रूपांतराचे खास कोष्टक, हाताशी हवेच.

मात्र या भूमीत बसून केवळ देवनागरीची फिर्याद मांडणे अपुरे ठरेल. गोंड राजांच्या या नगरीत आणि तिच्या पूर्वेकडील अरण्यांत जी भाषा बोलली जाते, जिचे भाषक २०११ च्या जनगणनेत देशभर मिळून सुमारे तीस लाख भरले, त्या गोंडीला स्वतःच्या लिपी आहेत. एक बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसाराम यांनी १९१८ मध्ये रचलेली; दुसरी, माणिकगडच्या डोंगरापलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी हस्तलिखितांत टिकलेली आणि हैदराबादचे प्रा. जयधीर तिरुमलराव यांच्या प्रयत्नांनी उजेडात आलेली. लिपितज्ज्ञ अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावांवरून युनिकोडने मसाराम गोंडीची ७५ चिन्हे २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीची ६३ चिन्हे २०१८ मध्ये दाखल करून घेतली. आपल्याकडे गोंडी बहुधा देवनागरीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. यांपैकी कोणती लिपी श्रेयस्कर, हा निर्णय गोंडी बोलणाऱ्यांचा आहे, माझा नव्हे. मी सांगतो ते इतकेच की, दप्तरी नोंद होणे आणि दारी प्रवेश मिळणे यांत अद्याप मोठे अंतर आहे.

ते अंतर मोजता येते. युनिकोड साठविण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. गोंडीच्या या लिपी युनिकोडच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक चिन्हाला चार लागतात. मसाराम लिपीतील पहिला स्वर एफ०, ९१, बी४, ८० असा नोंदला जातो. माय-एस-क्यू-एल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या माहितीकोशात ज्याला वर्षानुवर्षे यूटीएफ-८ म्हटले गेले तो प्रकार तीनच बाइट स्वीकारीत असे; चार बाइटांचा खरा प्रकार २०१० मध्ये निराळ्या नावाने आला. परिणामी जुन्या कोशात मराठी वाक्य सुखाने जाई, आणि गोंडी अक्षर येताच कोश एक तर नोंद नाकारी, किंवा ढिली शिस्त ठेवली असेल तर त्या अक्षरापासून पुढचा सारा मजकूर छाटून टाकी. हाच तो घातक प्रकार. त्याच्या तुलनेत टर्मिनलातील रिकामी चौकट निरुपद्रवी म्हटली पाहिजे, कारण ती चौकट म्हणजे फॉन्टाचा अभाव, अक्षराचा नव्हे. लिनक्सच्या मूळ कन्सोलाला एका वेळी पाचशे बारांहून अधिक आकृती बाळगता येत नाहीत, तेथे या लिपींची आशाच करू नये. इतरत्र नोटो मालिकेतील दोन्ही गोंडी लिपींचे मोफत फॉन्ट बसविले की चौकटींची अक्षरे होतात. जोडाक्षरे मात्र पुष्कळदा विसकटलेलीच राहतात, कारण बहुतेक टर्मिनल खण-खण सुटा रेखाटतात आणि जोडाक्षर जुळविणाऱ्या यंत्रणेला सबंध शब्द एकत्र हवा असतो. एमएल-टर्मसारखे काही कार्यक्रम भारतीय लिपींसाठी हा त्रास घेतात. त्यांची संख्या थोडी आहे.

ग्रामसभांचे सचिव, शाळांतील शिक्षक, ग्रंथपाल आणि गोंडी-माडियाचे शब्दसंग्रह करणारे कार्यकर्ते यांपैकी जे कोणी येथे उपस्थित असतील त्यांना माझी एक विनंती आहे. आपला शब्दसंग्रह, गावची यादी, निस्तारपत्रकाची नक्कल, जे काही असेल ते, युनिकोडातील साध्या मजकुराच्या फाइलीत एकदा जतन करावे, आणि ती फाइल विममध्ये उघडावी. जेथे अक्षराऐवजी चौकट दिसेल तेथे कर्सर नेऊन जी आणि ए या दोन कळा एकामागून एक दाबाव्यात. पडद्याच्या तळाशी क्रमांक उमटेल. तो ११डी०० ते ११डी५एफ यांच्या दरम्यान असला तर अक्षर मसाराम गोंडीचे आहे, ११डी६० ते ११डीएएफ असला तर गुंजाळा गोंडीचे. दोन्ही प्रसंगी मजकूर शाबूत आहे, फॉन्ट तेवढा मिळवावयाचा आहे. पण तळाशी एफएफएफडी हा बदली-चिन्हाचा किंवा साध्या प्रश्नचिन्हाचा क्रमांक आला, तर मूळ अक्षर त्या फाइलीत आता नाही असे समजावे, आणि ज्या वहीवरून ते टंकले ती वही कोणी रद्दीत घालण्यापूर्वी शोधून काढावी.