आधी कागद, मग प्रकाशक

(एरंडोल येथे नवोदित लेखकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप भाग)



एरंडोलचा लेखनाशी असलेला संबंध जुना आहे आणि तो थेट कागदाशी आहे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत या गावाची नोंद देशी कागद तयार करणारे गाव म्हणून आढळते. हातकागदाची रीत कष्टाची असते. चिंध्या-गोणपाट भिजवायचे, कुटायचे, धुवायचे. लगद्यातून ताव उचलायचा, वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. न घोटलेल्या तावावर शाई फुटते. लेखनाचेही तसेच आहे.

नवोदितांचा पहिला प्रश्न बहुधा ‘प्रकाशक कुठे मिळेल?’ हा असतो. प्रश्न रास्त आहे, पण तो अवेळी विचारला जातो. खानदेशचा अनुभव वेगळे सांगतो. येथील साहित्य प्रकाशकावाचून जितके अडले, त्याहून अधिक ते टिपून घेणारा हात आणि मर्म जाणणारा पहिला वाचक न मिळाल्याने हरवले.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, पण त्यातील बोध क्वचितच घेतला जातो. आसोद्याची ही लेक निरक्षर होती. शेतात आणि जात्यावर तिला ओव्या सुचत आणि सुचल्या तशा त्या वाऱ्यावर जात. त्यांतील काही वाचल्या, कारण पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या कागदावर उतरवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह महाराष्ट्रासमोर आला. म्हणजे एकाने रचले, दोघांनी टिपले, एकाने पारखले आणि मग छापखाना आला. हा क्रम उलटा करता येत नाही.

या उदाहरणात भाषेचाही धडा आहे. ती गाणी घरच्या बोलीतच छापली गेली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती आपलीशी केली. म्हणून कथेतील शेतकरी घरात जसा बोलतो तसेच त्याला कागदावर बोलू द्यावे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद अहिराणीत किंवा लेवा बोलीत, ही रीत वाचकाला सहज मानवते. अगदीच अनोळखी शब्द असतील, तर पुस्तकाच्या शेवटी अर्थ द्यावेत. निवेदनात मात्र शैथिल्य नको. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले व १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. अठरा नियम शिकणे हे काही डोंगर उचलणे नव्हे.

सवयीचे महत्त्व सांगायला अंमळनेर पुरेसे आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. वाचक मोजके, मोबदला शून्य. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ अवघ्या काही दिवसांत लिहून झाले, याचे लोकांना नवल वाटते. परंतु त्या दिवसांच्या पाठीशी रोजच्या लेखनाची वर्षे उभी होती. लिहू इच्छिणाऱ्याने रोज एक पान लिहावे, आठवड्याने ते पुन्हा वाचावे आणि अनावश्यक ते काढून टाकावे. लिहिलेले मोठ्याने वाचले की जिथे जीभ अडखळते, तिथेच दोष असतो.

पहिला वाचक मात्र कौतुक करणारा नव्हे, जाणता असावा. एरंडोलच्या शेजारी धरणगावात १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात उभे राहिले, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. समोर जाणती मंडळी होती. त्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. गावात चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा जमून एकमेकांचे लेखन ऐकावे व स्पष्ट बोलावे. त्याला ना वर्गणी लागते, ना सभागृह.

यानंतर नियतकालिकांकडे वळावे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि तेव्हापासून मराठीतील कित्येक लेखकांची पहिली ओळख दिवाळी अंकांतूनच झाली. मात्र या अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. दसऱ्याला पाठवलेली कथा पुढच्या वर्षाचीच ठरते. मुंबई-पुण्यावाचून अडते, असेही नाही. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली धुळ्यातून ‘कवितारती’ हे केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक काढले आणि महाराष्ट्रभरच्या कवींनी त्यासाठी धुळ्याकडे पाहिले.

लेखन पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक वाचावेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा, मुद्रितशोधन स्वतः करावे आणि पत्र चार ओळींचे असावे. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांना पाठवू नये. साभार परत आलेले लेखन हा अपमान नसून पुन्हा घोटण्याची संधी असते.

पुस्तकाची वेळ आली की व्यवहार समजून घ्यावा. कित्येक ठिकाणी नवोदिताकडूनच खर्च मागितला जातो. पैसे देण्यापूर्वी प्रती किती, किंमत किती, विक्री कोण करणार आणि न खपलेल्या प्रती कोणाकडे राहणार, हे लेखी घ्यावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरता मानला जातो. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पश्चात साठ वर्षे टिकतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर सावध व्हावे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात पाहून वेळेत हस्तलिखित पाठवावे.

आणि ज्यांना अजून स्वतःचा विषय सापडलेला नाही, त्यांनी काय करावे? धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिराकडे पाहावे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या मठांतून रामदासी हस्तलिखिते जमवली, म्हणून ती आज तेथे आहेत. देवांनी ती रचली नव्हती, जपली होती. जपणे हेही लेखकाचेच काम आहे. श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून घरोघरी आहेत. जात्यावरच्या ओव्या, अहिराणी म्हणी, शेतीची आणि बलुत्यांची नावे त्यांच्या मुखात आहेत. जाते माळ्यावर गेले आणि नातवंडे इंग्रजी शाळेत गेली; एकेका आजीबरोबर एकेक ग्रंथ सरणावर जातो आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मान राखायचा तर समारंभांपेक्षा वह्यांची गरज अधिक आहे. या दिवाळीपूर्वी प्रत्येक घरात एक वही घातली जावी. त्यात घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे एक गाणे, तिच्या संमतीने, तिच्याच बोलीत, शब्द न बदलता उतरवावे. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. ज्याचा हात दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणे टिपायला शिकतो, त्याला स्वतःचे शब्दही एक दिवस सापडतात. प्रकाशक त्यानंतर शोधता येईल. आजी मात्र थांबणार नाही.